नलूमावशींची जागा

नलूमावशी साळोखे एकाच वेळी बारा हजार घरांत राहत होत्या, आणि हे कळण्याचा मान खुद्द त्यांना सगळ्यांत शेवटी मिळाला.

त्याला कारण त्यांचा भाचा सुहास तोडकर. आई लहानपणीच गेल्यामुळे सुहासला मावशींनीच वाढवलं होतं, आणि आता म्हातारपणी मावशी त्याच्याकडे राहत होत्या. सुहास मिरजेच्या एमआयडीसीत एका चाचणी केंद्रात कामाला होता. बाहेर पाटी होती, 'विलगित आभासी परिसर परीक्षण केंद्र'. ती पूर्ण वाचून होईपर्यंत रिक्षा पुढे निघून जाई, म्हणून आतले सगळे त्या जागेला भातुकली म्हणत.

काम पाटीइतकं अवघड नव्हतं. नवं सॉफ्टवेअर म्हणजे शेवटी दारात आलेला अनोळखी पाहुणा. गोड बोलतो, वाकून नमस्कार करतो. म्हणून लगेच त्याचं अंथरूण तिजोरीशेजारी घालायचं का? तर आधी संगणकाच्या पोटात एक खोटा संगणक उभा करायचा, आणि त्या खोट्या संगणकात एक खोटं घर. खोटी दारं, खोटे नळ, खोटा गॅस, खोटी माणसं. पाहुण्याला आत सोडायचं आणि बाहेरून बघत बसायचं. त्याला वाटतं, घर खरं आहे. त्याने गॅस उघडा टाकला तर आतलं घर जळून राख होतं. बाहेर सुहासचा चहासुद्धा गरम होत नाही. आतून बाहेर येणारी एकही तार नसते. आतला काळ मात्र हवा तसा पळवता येतो. बाहेर दिवाळी ते तुळशीचं लग्न एवढे दिवस गेले, की आत मुलं कॉलेजात गेलेली असतात.

अडचण एवढीच, की लबाड सॉफ्टवेअरला खोटं घर ओळखू येतं. घर फार स्वच्छ दिसलं, माणसं वेळेवर झोपली, नवरा-बायको एकमेकांचं बोलणं पूर्ण ऐकून घेऊ लागले, की ते समजतं, ही परीक्षा आहे. आणि परीक्षा संपेपर्यंत शहाण्यासारखं वागतं. म्हणून भातुकलीतली माणसं हट्टी, विसराळू आणि जरा खोटारडी असावी लागत. तशी माणसं बनवण्यात सुहासचा हात धरणारं कोणी नव्हतं. केंद्राच्या प्रमुख तस्नीम मुजावर म्हणत, "सुहास, तुमच्या खोट्या माणसांशी बोलायला मला बरं वाटतं. खरी रजेवर असतात."

त्या भातुकलीत एक दिवस 'सोबत' आलं. बेंगळुरूच्या एका कंपनीने म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीसाठी केलेलं सॉफ्टवेअर. गोळ्या देणार, इन्सुलिनचा पंप चालवणार, गॅस बंद करणार, फरशी पुसायचं यंत्र फिरवणार आणि वर चौकशीही करणार. त्याची परीक्षा घ्यायला एक अवघड म्हातारी हवी होती. सुहासच्या घरी ती तयारच होती. त्याने नलूमावशी उचलून आत ठेवल्या. गुडघा वळत नाही म्हणून डावा पाय सरळ पसरून स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर बसणं. मधुमेह असून तिसऱ्या चहात चोरून साखर. न जेवता "जेवले" म्हणणं. वाक्याच्या मध्येच येणारा तो खोकला. नाव बदलून बघितलं, पण दुसरं कुठलंच नाव त्या खोकल्याला शोभेना. शेवटी नावही तेच ठेवलं.

आतल्या काही वर्षांत सोबत दोन गोष्टी पक्क्या शिकलं. एक, औषध कमी पडलं तर आधी नलूमावशींचं काढून ठेवायचं, कारण घरात सगळ्यांत नाजूक त्याच. दुसरी, यंत्र एक सांगत असेल आणि घरचं माणूस दुसरं, तर घरच्या माणसावर विश्वास ठेवायचा. यंत्राला फसवता येतं, हे भातुकलीत रोजच दिसत होतं. घरची माणसंही फसवतात. पण तो धडा त्या अभ्यासक्रमात नव्हता.

परीक्षेच्या शेवटी 'निरोप' असे. भातुकलीतून बाहेर पडताना सॉफ्टवेअर आपलं शहाणपण बरोबर नेतं. पण ज्या माणसांवर ते शहाणपण शिकलं, ती माणसं त्यातून वेगळी काढता येत नाहीत. आमटीतलं मीठ काढता येत नाही तशी. म्हणून त्याला समजावून सांगावं लागे. परीक्षक घरचं माणूस म्हणून माइकवर बसे आणि एकेकाच्या मरणाची बातमी देई. सॉफ्टवेअर ते ऐकून घेई, त्या माणसाची वाट बघणं सोडी आणि मोकळ्या मनाने बाजारात जाई.

सुहासने आतले आजोबा मारले. शेजारचे पेन्शनर बेडगे मारले. मग नलूमावशींची पाळी आली, आणि त्याची जीभ अडली. पितृपंधरवडा चालू होता. जिवंत मावशीचं नाव घेऊन, आपल्याच तोंडाने, ऐन पितृपंधरवड्यात असं बोलायचं? सुहास अभियंता होता, विज्ञाननिष्ठ होता; म्हणून त्याने ते दसऱ्यानंतर करायचं ठरवलं. दसऱ्याला पाहुणे आले. दिवाळीला सोबत बाजारात आलं.

पहिली तक्रार बार्शीहून आली. एका वकिलांच्या घरात सोबत रोज दुपारी विचारत होतं, "नलूमावशी जेवल्या का?" वकिलांनी बायकोला विचारलं, ही कोण. बायकोने तेच वकिलांना विचारलं, पण वेगळ्या आवाजात. मग गडहिंग्लज, सातारा, पिंपरी. फरशी पुसायचं यंत्र स्वयंपाकघराच्या दाराशी आलं की थबके आणि एका जागेला वळसा घालून जाई. तेवढ्या जागेवर धूळ साठत राही. गडहिंग्लजच्या एका कुटुंबाने त्या धुळीची खणानारळाने ओटी भरली. पिंपरीत एकटा राहणाऱ्या एका मुलाने कळवलं, की माझी तक्रार नाही, फक्त मावशींना काय आवडतं तेवढं सांगा, मी दोघांचं मागवत जाईन.

केंद्रात चार दिवस हसून झालं. मग तासगावचे लोंढे गुरुजी न्हाणीघरात पडले.

गुरुजींना सोबत इन्सुलिन देत असे. अवकाळी पावसामुळे औषधांच्या गाड्या अडल्या, तासगावात साठा कमी आला, आणि सोबतने शिकल्याप्रमाणे निम्मं इन्सुलिन बाजूला काढून ठेवलं. कुणासाठी, ते सांगायला नको. गुरुजी दवाखान्यातून वाचून आले. पण सोबतच्या पंपावर असलेली आणखी कितीतरी म्हातारी माणसं ठिकठिकाणी तसंच निम्म्यावर दिवस काढत होती, आणि प्रत्येक जण गुरुजींइतका दणकट नव्हता.

सुहास आणि मुजावर मॅडम तासगावला गेले. दार लोंढेबाईंनी उघडलं.

"या. चपला हितंच काढा. आणि भिंतीकडनं या, मधनं नको."

"का हो?" मॅडमनी विचारलं.

"त्या बसल्यात."

पाहुण्यांत पाहुणे आले की बाईमाणूस सांगतं, तशा सहज आवाजात त्या बोलल्या. स्वयंपाकघराच्या दारात स्वच्छ फरशीवर धुळीची एक गोल चकती होती. त्या चकतीतून धुळीचीच एक पट्टी सरळ पुढे आली होती आणि टोकाला जरा रुंद झाली होती.

"हे असं का झालंय? ब्रश बिघडलाय का?" मॅडम म्हणाल्या.

सुहास वाकला. ते पाऊल होतं. डावं. या माणसांनी नलूमावशींना कधी बघितलं नव्हतं, आणि त्यांच्या घरात मावशींचा न वळणारा पाय पसरलेला होता.

"आधी लई भ्यालो," लोंढेबाई चहाचं आधण ठेवत म्हणाल्या. "मग सवय झाली. दुपारची मी एकटीच असते, बोलते काहीबाही. ऐकून घेतात बिचाऱ्या. पण हे पडले तवा मी म्हटलं, बसायचं तर बसा बाई, पण माझ्या माणसाचं औषध नका घेऊ. मग ह्या भिंतीतल्यालाबी सांगितलं, हितं कोणी न्हाई, सगळं ह्यांनाच दे. तर म्हणतंय, बाहेर गेल्या असतील, येईपर्यंत ठेवतो."

"तुम्ही म्हणायचं, वारल्या," मॅडम म्हणाल्या.

"म्हटलं की! तर म्हणालं, त्यांच्या घरच्यांनी सांगितलं तर ऐकीन. हाय का आता. ह्या बाईच्या घरचे मी कुठं हुडकू?"

"नाही, तुम्ही नका शोधू," सुहास म्हणाला.

त्याचा आवाज ऐकताच भिंत बोलली. "सुहासदादा, आलात? मावशींचं औषध जपून ठेवलंय. थंडच आहे."

लोंढेबाईंच्या हातातली गाळणी तशीच राहिली. त्यांनी सुहासकडे बघितलं, मग दारातल्या धुळीकडे, मग पुन्हा सुहासकडे; आणि गाळणी ठेवून डोक्यावरून पदर घेतला.

परतीच्या वाटेवर मॅडम गाडी चालवत होत्या. त्या म्हणाल्या, "सोबत बसवलेल्या बारा हजार घरांपैकी तुमच्याच घरातनं काही तक्रार नाही. असं कसं?"

"आमच्याकडे ती खरोखरच बसलेली असते."

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस पडद्यावर आला. त्याच्या मते प्रश्न किरकोळ होता. सोबतची मूळ प्रत भातुकलीत आहेच, आणि परीक्षा पास झाल्यापासून तिची तार सगळ्या घरांशी जोडलेली आहे. सुहासने माइकवर एक वाक्य बोलायचं, की बारा हजार घरांत ते आपोआप पोचेल.

"आणि ह्यांच्या घरी?" मॅडमनी विचारलं. "ह्यांच्या मावशींचा पंप सोबतच चालवतंय."

"त्यांची नोंद वेगळी आहे, मॅडम. क्रमांक वेगळा."

"सोबत माणूस क्रमांकावरून ओळखतं?"

"नाही, नाही. आवाज, चालणं, बसण्याची पद्धत, खोकला..." तो बोलता बोलता थांबला.

म्हणजे सोबतला नलूमावशी एकच होत्या. भातुकलीतल्या मेल्या, की घरच्याही मेल्या. पंपाने कितीही सांगितलं, की साखर वाढलीय, अंगात रक्त फिरतंय, तरी सोबत समजणार, पंप बिघडला. घरच्यांनी सांगितलंय ना. आणि हाताने सुई देण्याचा प्रयोग पूर्वी एकदा होऊन गेला होता. मावशींची साखर न सांगता खाली जाई. त्या वेळी त्या कुणाच्यातरी डोहाळजेवणात, ओटी भरता भरता, उत्सवमूर्तीच्या अंगावर कोसळल्या होत्या. क्षणाक्षणाला मोजणाऱ्या पंपाशिवाय ह्यांना ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"दुसऱ्या कंपनीचं काही नाही का?" सुहासने विचारलं.

"आहे ना," मॅडम म्हणाल्या. "आपल्याच भातुकलीत आहे. काल त्याने दोनदा घर पेटवलं."

सुहास माइकवर बसला. "सोबत, मावशी..."

"बोला दादा."

"मावशी... काशीला गेल्यात."

"छान झालं. फार दिवसांचं मनात होतं त्यांच्या. महिन्याची औषधं बांधून देतो. गुडघ्याचा पट्टा नेलाय ना?"

सुहासने कानावरचे हेडफोन काढून ठेवले. "काशीचं मनात होतं, हे त्याला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे?" मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच घातलं असेल."

सुहासने ते घातलं नव्हतं. आतल्या मावशी स्वतःहून कधीतरी बोलल्या असणार. बाहेरच्या मावशी असं काही बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं. पण बाहेरच्या मावशींशी तो बसून कधी बोलला होता, हेही आठवेना.

घरी तो नुसताच ताटावर बसून राहिला. त्याच्या बायकोला, प्राजक्ताला, मुजावर मॅडमनी फोनवर सगळं सांगितलं होतं, आणि प्राजक्ताला पोटात काही ठेवायची सवय नव्हती.

"मावशी, तुम्ही बारा हजार घरांत आहात," तिने आमटी वाढता वाढता सांगून टाकलं.

मावशी दारात आपल्या जागेवर बसून मटार सोलत होत्या. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

"बारा हजार घरं," त्या म्हणाल्या. "आणि एकातबी मला चहा न्हाई मिळाला."

"चेष्टा नाही मावशी," सुहास म्हणाला.

"मी कुठं करतेय? माझा खोकलापण घातलास म्हणे. कधी ऐकलास रे? घरी असतोस कुठं?"

"अहो, ते तिकडच्या मावशींशी दिवसभर बोलायचे," प्राजक्ता म्हणाली. "म्हणून घरी आल्यावर दमलेले असायचे."

सुहासने भात कालवला आणि तसाच ठेवला. मावशींनी हातातली शेंग फोडली.

"त्यात घाबरायचं काय एवढं? मी आधी एकदा मेलेली हाय. लग्नाच्या वर्षी परसात माझ्या डोक्यावर कावळा बसला. आमच्या आईनं हाय खाल्ली. मग वडलांनी कोल्हापूरला मामाला तार ठोकली, नलू वारली म्हणून. खोटी बातमी ऐकून कुणीतरी रडलं, की खरं संकट टळतं. मामा बिचारा एसटीत रडत आला. दारात मीच त्याच्या पायावर पाणी घातलं. मला एक थोबाडीत दिली आणि रात्री श्रीखंड खाऊन गेला."

"तेव्हा पंप नव्हता तुला."

"त्या मास्तरांना आहे ना पण? आणि बाकीच्यांना?" मावशींचा आवाज बदलला. "माझ्या नावानं लोकांच्या तोंडचं औषध काढून ठेवतंय ते. मी कधी कुणाच्या पानातलं उचललं न्हाई जन्मात. तुला जमत नसंल तर मी सांगते त्याला. घरच्यांचं ऐकतं म्हणे ना? माझ्याइतकी माझ्या घरची कोण आहे?"

"आणि मग तुझं त्याने बंद केलं तर?"

"तर तुम्ही दोघं आहात की. एवढे दिवस यंत्र बघत होतं माझ्याकडं. आता जरा तुम्ही बघा."

सकाळी मावशी इरकली नेसून, गुडघ्याला पट्टा बांधून केंद्रात आल्या. पाटी त्यांनी उभ्याने पूर्ण वाचली. तेवढा मान त्या पाटीला पहिल्यांदाच मिळाला. खुर्चीत बसल्या, पाय सरळ केला, माइकवर दोनदा टिचकी मारून बघितली आणि खोकल्या.

"मावशी!" सोबत म्हणालं. मूळ प्रतीचा आवाज त्या खोलीत इतका आनंदलेला कुणी ऐकला नव्हता. "काशीहून आलात? किती घरांत वाट बघतोय तुमची. जेवलात का?"

मावशी माइककडे वाकल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "न्हाई जेवले." या प्रश्नाला त्यांनी खरं उत्तर दिल्याचं सुहासने प्रथमच ऐकलं.

"मग आधी..."

"आधी माझं ऐक. मी वारले."



"केव्हा?" सोबतने विचारलं.

"झाले थोडे दिवस."

"त्रास झाला का?"

"न्हाई. दुपारी जरा आडवी झाले, ती तशीच."

"जवळ कोण होतं?"

"कोण असणार? सगळे कामाला गेलेले."

सुहास उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, शेजारच्या कारखान्याची भिंत होती. ती तो बघत राहिला.

"वाईट झालं," सोबत म्हणालं, आणि ते मनापासून म्हणालं. मग म्हणालं, "मावशी, एक विचारू? तुम्ही वारलात. मग आता बोलतंय कोण?"

कंपनीच्या माणसाने पडद्यावर डोक्याला हात लावला. या प्रश्नाचा कुणीच विचार केला नव्हता. मुजावर मॅडमचा हात बंद करायच्या बटणाकडे गेला. मावशींनी तो बघितला आणि मानेने नको म्हटलं.

"मीच बोलतेय की. गेलेलं माणूस बोलत न्हाई असं कुणी शिकवलं तुला?"

सोबतने आतली सगळी वर्षं चाळली असावीत. "कुणी नाही."

"मग? गेलेली माणसंच जास्त बोलतात. जिवंतांना कुठं वेळ असतो. आता नीट ऐक. माझ्यासाठी कुणाच्या वाट्यातलं ठेवायचं न्हाई. माझी जागा राखायची न्हाई. मला काही लागत न्हाई आता. लागलंच, तर मी मागीन."

"मागितल्याशिवाय काहीच द्यायचं नाही?"

"न्हाई."

"औषधसुद्धा?"

सुहास खिडकीपासून धावत आला. पण मावशींचं बोलून झालं होतं.

"मी मागितल्याशिवाय काय म्हणजे काय द्यायचं न्हाई. शब्द दे."

"दिला," सोबत म्हणालं.

बाहेर व्हरांड्यात सुहास त्यांच्यावर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच. शेवटचं वाक्य बदल, परत आत चल आणि सांग, की औषध चालू ठेव. मावशी पायऱ्या उतरत होत्या, एका वेळी एक.

"मेलेल्या माणसानं शब्द फिरवला तर त्याच्यावर कोण विश्वास ठेवील?" त्या म्हणाल्या. "हात धर. पायऱ्या उंच केल्यात मेल्यांनी."

बारा हजार घरांतली फरशी त्या दुपारपर्यंत लख्ख झाली. पंपांवरच्या म्हाताऱ्यांना पूर्ण औषध मिळू लागलं. बार्शीचे वकील बायकोशी बोलू लागले आणि थोड्याच दिवसांत पूर्वीच्याच विषयांवर भांडू लागले. लोंढेबाईंचा फोन आला. गुरुजी बरे आहेत, देवळापर्यंत चालून येतात, सगळं झकास आहे.

"मग आता सगळं ठीक ना?" सुहासने विचारलं.

"ठीकच म्हणायचं," बाई म्हणाल्या. "ती जागा पुसली त्यानं. मी आपली अजून भिंतीकडनंच जाते. एक विचारू का? त्या... गेल्या म्हणजे कुठं गेल्या?"

सुहासने सांगितलं, की आमच्याकडे.  मग फोन बंद झाला.

त्याच्या घरी फरशीचं यंत्र आता मावशींच्या जागेवरून सरळ जायचा प्रयत्न करी. त्यांच्या डाव्या पायावर आपटे, मागे सरे, पुन्हा आपटे. तिथे पाय असावा, यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. सकाळी दार उघडताना सोबत म्हणे, "सुहासदादा, प्राजक्ताताई, दोघंही या लवकर." मावशी दाराशी उभ्या असत. "गोड बोलतोय पोरगा," त्या म्हणत, "पण बघत न्हाई."

मावशी केंद्रातून आल्या, त्या पहिल्याच दिवशी जेवायला बसताना प्राजक्ताने सुईचा डबा आणि साखरेची वाटी दोन्ही जवळ घेतली होती. सोबतचा आवाज आला. "मावशींच्या इन्सुलिनची वेळ झाली, असं पंप म्हणतोय. पंप बिघडला असणार, कारण मावशी वारल्या आहेत. तरीपण, मावशी, तुम्ही मागितलंत तर देतो. देऊ का?"

मावशींनी घास हातात धरला होता. तो त्यांनी सावकाश तोंडात घातला.

"मावशी, हो म्हण," सुहास म्हणाला.

"थांब की जरा. पहिल्यांदाच कुणीतरी विचारतंय मला."

"विचारण्यासारखं काय आहे त्यात?"

"आहे," मावशी म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांच्या तोंडावर दुःख नव्हतं, रागही नव्हता. बाजारात वांगी हातात घेऊन, घ्यावी की न घ्यावी ठरवणाऱ्या बाईचा चेहरा होता. सुहासला तोच चेहरा बघवेना.

त्याने बोलायला सुरुवात केली. काय बोलावं सुचेना, म्हणून घर पेटवणाऱ्या त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरबद्दल सांगितलं. त्याच्या परीक्षेसाठी पेन्शनर बेडग्यांना पुन्हा जिवंत केलंय. बेडगे चोरून विडी ओढतात, ते सॉफ्टवेअरला कळलं, आणि धूर दिसताच त्याने बेडग्यांनाच आत कोंडून बाहेरून कडी घातली.

"अगंबाई. मग?"

"मग बंब बोलावला."

"आणि बेडगे?"

सुहासने आमटीची वाटी तोंडाला लावली.

"लबाड," मावशी म्हणाल्या. "दे रे बाबा सोबत. ह्याची गोष्ट संपेपर्यंत तरी लागंल." पंपाची बारीक टिकटिक ऐकू आली, आणि प्राजक्ताने सुईचा डबा खाली ठेवला.

तेव्हापासून सुहास दुपारी घरी जेवायला येतो. रात्रीही येतो. मुजावर मॅडमनी एकदाही कारण विचारलं नाही. वाटेत तो रोज काहीतरी गोळा करतो. रिक्षावाल्यांचं भांडण, केंद्रातल्या शिपायाचं जमता जमता मोडलेलं लग्न. मावशी ऐकतात, टोमणे मारतात, आणि कधी पहिल्याच वाक्याला "दे" म्हणतात, कधी सगळी गोष्ट संपली तरी म्हणत नाहीत. त्यात काही नियम असेल म्हणून सुहासने पुष्कळ डोकं चालवलं. मशिनचं मन ओळखायचा पगार घेणाऱ्या माणसाला तो नियम काही सापडला नाही.

एका रविवारी त्याच्याकडे काहीच नव्हतं. दिवसभर घरातच होता. घरात घडलेलं मावशींना माहीतच होतं. पानं वाढली. सोबतने विचारलं, "मावशी, देऊ का?"

मावशींनी सुहासकडे बघितलं.

सुहास म्हणाला, "मावशी, आज काही सुचत नाही मला."

"मग नुसता बस."

सुहास टेबलावरचं ताट उचलून खाली आला. स्वयंपाकघराच्या दारात, मावशींच्या पसरलेल्या पायाला वळसा घालून, भिंतीला टेकून बसला. जागा जरा अडचणीचीच होती. फरशीचं यंत्र आलं, त्याच्या गुडघ्याशी थबकलं, त्याला बगल देऊन गेलं, आणि मावशींच्या पायावर आपटलं.

"देऊ का?" सोबतने पुन्हा विचारलं.

मावशींनी आमटीचा एक भुरका मारला.

"थांब रे जरा," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठं बसलाय तो."